घरमालकांच्या रेल्वेची कड

सरळ रेषेवर आमच्या जयपूरच्या घरमालकांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं लोक पोटच्या पोरांवरही करत नसतील. बँकेच्या नोकरीत मी सात गावं पाहिली आणि नाना तऱ्हेचे घरमालक पाहिले. भिंतीत खिळा ठोकू न देणारे पाहिले, नळ किती वेळ चालतो ते जिन्यात उभं राहून ऐकणारे पाहिले. पण भाडेकरूचं सामान ट्रकमधून उतरत असताना रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून, एक डोळा मिटून, आमचं लोखंडी कपाट जिन्याच्या रेषेत जातंय की नाही हे पाहणारा घरमालक मला एकदाच भेटला. जून महिना, जयपूरचं ऊन, हमाल कपाट घेऊन घामाघूम झालेले, आणि हे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ हातानं खुणा करताहेत, थोडं डावीकडे, अजून थोडं, बस. कपाट वरच्या खोलीत भिंतीला लागलं तेव्हा ते वर आले, उंबऱ्याशी पुन्हा उकिडवे बसले, उठले आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोलले, "अर्धा इंच बाहेर आहे. पण आज राहू दे, तुम्ही दमलात." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते पहार घेऊन हजर होते.

ते मूळचे भुसावळचे. रेल्वेत रूळ, स्लीपर आणि खडी सांभाळणारं जे खातं असतं, त्यात इन्स्पेक्टर म्हणून सारी नोकरी राजस्थानात काढलेली. निवृत्त झाल्यावर परत जाण्याऐवजी त्यांनी जयपूरच्याच दुर्गापुऱ्यात घर बांधलं, तेही रेल्वेलाइनपासून तीन गल्ल्या सोडून. रूळ सरळ आहे की नाही हे उभ्यानं कळत नाही, त्यासाठी खाली बसून गाल जवळजवळ रुळाला लावावा लागतो, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. चौतीस वर्षं त्यांनी गाल रुळाला लावला होता. निवृत्तीनंतर रूळ राहिले नाहीत, गाल मात्र राहिला. मग तो समोर येईल त्या गोष्टीला लागायचा. गोपालपुरा बायपासला एका लग्नाच्या जेवणात ते बुफेच्या टेबलांच्या टोकाला असे बसले की लोकांना वाटलं यांना चक्कर आली. कुणी वारा घालायला लागलं, कुणी लिंबूपाणी आणलं. त्यांनी लिंबूपाणी शांतपणे पिऊन टाकलं, वाढप्यांकडून तिसरं टेबल चार बोटं मागं सरकवून घेतलं आणि मग ताट हातात धरलं. परत येताना स्कूटरवर मागं बसून मला म्हणाले की लिंबूपाणी चांगलं होतं. त्याच बायपासवर कोचिंग क्लासच्या पाट्यांची जी दाटी आहे, तिच्यात एक पाटी दुसरीच्या रेषेत नाही म्हणून ते एरवी तिकडून जायचं टाळत आणि दोन किलोमीटरचा वळसा घेऊन जात. गच्चीवर कपडे वाळत घालायची आमची तार होती. तिला जराही झोळ आला की खालून त्यांची हाक यायची, "वहिनी, तारेला पोट आलंय." बायको कपडे काढून घेईपर्यंत ते पक्कड घेऊन वर आलेले असत. मराठी मंडळाच्या गणपतीत मखराला पाणसळ लावणारे ते एकटेच. एका वर्षी मखर सरळ होईपर्यंत आरती वीस मिनिटं थांबली होती. कुणी तक्रार केली नाही, कारण मखर खरोखरच वाकडं होतं आणि त्यांनी सांगेपर्यंत ते कुणाला दिसलं नव्हतं.

कानाचंही तसंच. दुपारी जेवताना गाडी गेली की त्यांचा घास हातातच थांबे. गाडी संपली की म्हणत, "तिसऱ्या जोडाखाली खडी बसलीय." आणि संध्याकाळी लाइनवर जाऊन तिथल्या गँगमनला तसं सांगून येत. गँगमन "जी साब" म्हणत. मी एकदा काकूंना विचारलं की ती माणसं नुसती मान डोलावत असतील ना. काकू म्हणाल्या की पहिल्यांदा डोलावली होती, पण दोनदा यांचं बरोबर निघालं, तेव्हापासून ते खणून बघतात.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. अकोल्याकडच्या, अंगानं लहानखुऱ्या, कामाला वाऱ्यासारख्या. चाळीस वर्षं राजस्थानात राहूनही त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड तसूभर हललं नव्हतं. भाजीवाल्याशी त्या अर्धं मारवाडी आणि अर्धं वऱ्हाडी बोलत आणि तो दोन्हीला होकार देई. त्यांनी नवऱ्याशी भांडल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्या फक्त एक प्रश्न विचारत. आवाज न चढवता, काहीतरी निवडत किंवा घडी घालत विचारलेला तो एक प्रश्न इन्स्पेक्टरसाहेबांना आठवडाभर पुरत असे.

त्यांच्या दिवाणखान्यात दिवाण नव्हता, रेल्वे होती. चौदा फूट लांब, चार फूट रुंद अशा लाकडी फळीवर त्यांनी आपलं पहिल्या नेमणुकीचं स्टेशन उभं केलं होतं. सीकरच्या बाजूला, वाळूत, मीटरगेजच्या लाइनवरचं एक बारकं स्टेशन. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकं, त्यात तडजोड नाही. अकरा वर्षं ते हे काम करत होते. इंजिनात जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरी होत्या. वाळू खरी, त्याच गावाहून पिशवीत भरून आणलेली आणि काकूंच्या चहाच्या गाळणीतून गाळलेली. त्यात तीन गाळण्या कामी आल्या. खेजडीची झाडं तांब्याच्या तारा पिळून केलेली, पानांच्या जागी वाळवलेली चहापत्ती. पाण्याची टाकी, सिग्नलची केबिन, मालाचा वजनकाटा, प्लॅटफॉर्मवर झोपलेला एक कुत्रासुद्धा. हा कुत्रा कोण असं मी सहज विचारलं, तर ते गंभीरपणे म्हणाले की हा तिथं असायचाच. विटकरी रंगाची तीन डब्यांची गाडी डावीकडच्या बोगद्यातून निघायची, स्टेशनात थांबायची आणि वाळूच्या टेकाडामागं नाहीशी व्हायची. मी बँकेतून दमून आलो की काही न बोलता तिथं खुर्ची ओढून बसायचो. चार फेऱ्या पाहिल्या की डोकं हलकं व्हायचं.

पण हे सगळं देखणं जग जिथं संपत होतं, तिथं पाहवत नव्हतं. कडेला फळी उघडी, तिच्या चिपा निघालेल्या. फळीवर थर्माकोलचे थर, त्यावर प्लॅस्टरचे गोळे, त्यातून जाळीची टोकं बाहेर आलेली. खाली वायरींचे झुबके लोंबत, त्यांच्याआड काकूंच्या ट्रंका आणि गव्हाची कोठी. या कडेनं काकूंची एक साडी धड ठेवली नव्हती. माझ्या बायकोची ओढणी पहिल्याच भेटीत अडकली होती. घरमालकांना मात्र त्यातलं काही दिसत नसे, कारण ते नेहमी रुळांच्या रेषेतच पाहत.

कड का लावत नाही, असं मी विचारलं की त्यांच्याकडे कारणं तयार असत. चांगलं लाकूड मिळत नाही, उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं. खरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. कडेला लावायची फळी जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे कापावी लागते. टेकाड आलं तिथं वर, नाला आला तिथं खाली, भराव आला की पुन्हा वर. म्हणजे घराच्या ऐन दर्शनी भागात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, छत्तीस फूट लांबीची वेडीवाकडी रेषा. त्यांचा जीव त्या विचारानंच घाबरा होत असे.

शेवटी काकूंनी प्रश्न विचारला. गौरीच्या दिवशी त्या बहिणीनं पाठवलेली नवी नारायणपेठी नेसल्या होत्या आणि नैवेद्याचं ताट घेऊन जाताना कडेला अडकून पदराला हातभर खोच गेली. त्यांनी ताट ठेवलं, फाटका पदर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या की यंदा दसऱ्याला मंडळाच्या सगळ्यांना सोनं द्यायला आपल्याकडेच बोलावू का. चाळीसएक माणसं, त्यांच्या बायका, लेकरं. घरमालकांनी एकदा पदराकडे पाहिलं, एकदा कडेकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन झोटवाड्याला सुतार शोधायला निघाले.

जे मिस्त्रीजी मिळाले ते वयानं साठीचे, कानाला पेन्सिल, बोलणं कमी. त्यांनी रेल्वेभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं की साब, टेबल तर ठीक आहे, पण याचे खण कुठं आहेत. मग त्यांनी कडेनं मोरांची नक्षी काढलेली झालर सुचवली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी अत्यंत व्यवहारी तोडगा काढला. "थोड़ी रेत छील दो साब, पटिया सीधी बैठ जाएगी." म्हणजे फळी जमिनीप्रमाणे कापण्यापेक्षा जमीनच तासून सपाट करायची. ही सूचना घरमालकांना इतकी भावली की ते दिवसभर विचार करत राहिले. कडेनं सगळी टेकाडं एका पातळीत आणली तर छत्तीस फूट सरळ रेषा मिळणार होती. संध्याकाळी त्यांनी मिस्त्रीजींना निरोप पाठवला की नको, वाळू जशी होती तशीच राहील. तो निरोप देताना त्यांचा चेहरा एखादी मोठी बढती नाकारून आलेल्या माणसासारखा दिसत होता.

मग काम सुरू झालं. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कडेला उभे धरायचे, जमिनीच्या उंचसखलपणाबरोबर पेन्सिल फिरवायची, पुठ्ठा कापायचा, पुन्हा लावून पाहायचा, मग तो नमुना पातळ प्लायवूडवर ठेवून मिस्त्रीजी बारीक करवतीनं तशी फळी काढत. दर रविवारी पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरायचं काम माझ्याकडे होतं. माझा हात हलतो, हे मला आयुष्यात प्रथमच तिथं समजलं. फळी बसली की तिच्या आणि वाळूच्या मधल्या फटीत लाकडाचा भुसा आणि डिंकाचा लगदा भरायचा, तो बोटानं गुळगुळीत करायचा आणि वरून वाळू पेरायची, म्हणजे जमीन थेट कडेपर्यंत आली असं वाटतं. पहिली बाजू झाली तेव्हा घरमालक सवयीनं उकिडवे बसले, गाल फळीला लावला, आणि बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं आता उखडा म्हणतील. ते उठले आणि म्हणाले की वाकडी आहे, पण जिथं वाकायला हवी तिथंच वाकली आहे.

रंगाचं प्रकरण आठवडाभर चाललं. मातीचा रंग द्या म्हटलं की दुकानदार गुलाबी डबा काढून देई. त्या शहरात मातीचा रंग म्हणजे भिंतींचा तोच एक रंग. तीन डबे परत गेल्यावर काकूंनी तव्यावरचं भाजलेलं जिरं वाटीत घालून दुकानात पाठवलं, आणि नेमका तोच रंग कडेला लागला. खालच्या वायरी झाकायला त्यांनी जवळच्या बगरू गावच्या छापाच्या कापडाचा चुण्यांचा पडदा शिवला. घरमालकांनी बसून पडद्याची किनार पाहिली आणि उजवीकडे पाव इंच वर आहे असं जाहीर केलं. काकूंनी दोरा तोडत विचारलं, "घराची फरशी सरळ हाय का पण?" त्यांनी फरशीवर पाणसळ ठेवली. फरशी पाव इंच उतरती होती. ते घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. पुढचे तीन दिवस त्यांनी पडद्याविषयी चकार शब्द काढला नाही.

नवरात्र बसलं तोवर तीन बाजू झाल्या होत्या. राहिली होती उजवीकडची शेवटची बाजू, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची. त्या रविवारी मी पुठ्ठा धरला होता, घरमालक पेन्सिलीनं खूण करत होते, मिस्त्रीजी करवतीला तेल देत होते. काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी त्या खुणेकडे पाहिलं.

"आणि क्वार्टर?"

घरमालकांनी मान वर केली. "आपलं राहतं क्वार्टर इथं येत नाही. फळीच संपते ना."

"काहून संपते?"

"मतलब, पुढं जागाच नाही. दार आहे."

काकूंनी दाराकडे एकदा पाहिलं. मग ट्रे उचलत म्हणाल्या, "असू द्या. मी आपलं विचारलं. अकरा वर्षं मला वाटे, तुम्ही कड लावून नाही राहिले म्हणजे क्वार्टर यायचं असेल."

आणि त्या आत गेल्या. घरमालकांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मिस्त्रीजींना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनीही करवत खाली ठेवली. अकरा वर्षं त्या बाईनं साड्या फाडून घेतल्या होत्या आणि एकदाही कडेबद्दल तक्रार केली नव्हती, त्याचं कारण घरमालकांना आणि मला एकाच वेळी कळलं.

त्या क्वार्टरची हकिगत काकूंनी माझ्या बायकोला मेथी निवडताना सांगितली. लग्न होऊन त्या एकोणिसाव्या वर्षी अकोल्याहून थेट त्या स्टेशनवर आल्या होत्या. दोन खोल्या, पुढं दोन पायऱ्या, मागं वाळू. पिठात वाळू, अंथरुणात वाळू. दिवसाला एक गाडी यायची आणि एक जायची. आपली भाषा बोलणारं माणूस शंभर मैलांत नाही. स्टेशनमास्तरांच्या बायकोकडून त्या बोटानं वस्तू दाखवून दाखवून शब्द शिकल्या. इन्स्पेक्टर उजाडायच्या आत ढकलट्रॉलीवर बसून लाइन तपासायला निघून जात, ते दुपारी येत. ट्रॉलीवरचं लाल निशाण लांब वाळूत दिसेपर्यंत त्या पायरीवर उभ्या राहत. पहिले सहा महिने रोज रडले, मग पायरी आवडायला लागली, असं त्या म्हणाल्या. तीन वर्षांनी बदली झाली तेव्हा त्या पुन्हा रडल्या.

पुढचे दोन दिवस आमचे घरमालक कुठंही उकिडवे बसले नाहीत. आमच्या तारेला सरळसरळ पोट आलं आणि खालून हाक आली नाही. बायकोला चैन पडेना, ती खाली जाऊन त्यांची तब्येत विचारून आली. ते दिवाणखान्याच्या दारात उभे राहून रेल्वेकडे पाहत होते. संध्याकाळी मी मोठ्या शहाणपणानं सुचवलं की मालधक्का काढून टाकला तर क्वार्टर अलीकडे घेता येईल, कोण मोजायला येणार आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आमच्या बँकेचे ऑडिटरसुद्धा कधी पाहत नाहीत. "घर होतं तिथं येईल," एवढंच ते बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली. खाली गेलो तर जमिनीवर खडूनं मोठी आकृती काढलेली. क्वार्टर खऱ्या अंतरावर घ्यायचं तर फळी सव्वा फूट पुढं न्यावी लागत होती. चौकोनी वाढवली तर तिचा कोपरा स्वयंपाकघराच्या दाराला अडत होता. कमानीसारखी गोल वाढवली तर दार दोन बोटं राखून उघडत होतं. म्हणजे आता कडेची फळी वरूनच नव्हे, आडवीही वाकणार होती. सरळ कडेला मधूनच पोट येणार होतं. मी जपूनच म्हटलं की हे तुम्हाला चालेल का. त्यांचे डोळे चमकत होते.

"सरळ रूळ कोणीही टाकतो हो," ते म्हणाले. "वळण टाकायला इन्स्पेक्टर लागतो."

दसऱ्याला आठवडा उरला होता. मिस्त्रीजींनी फळीच्या मागच्या अंगाला बोटाबोटावर करवतीच्या खाचा घेतल्या आणि ती हळूहळू वाकवायला घेतली. अर्ध्यावर आली आणि फटाका फुटावा तशी मोडली. आतून काकूंनी डोकावून पाहिलं आणि काही न विचारता गेल्या. दुसऱ्या फळीवर मिस्त्रीजींनी खाचा अधिक जवळ घेतल्या. मग आम्ही तिघांनी तिच्यावर कढत पाणी ओतलं, काकूंची गव्हाची कोठी मधोमध ओढली, ओली फळी तिच्याभोवती गुंडाळली आणि खाटेच्या निवारीनं करकचून बांधली. दीड दिवस ती तशी राहिली. त्या दीड दिवसात घरमालक कोठीजवळून हलले नाहीत. आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा अधूनमधून ते तिला हात लावत. निवार सोडली तेव्हा आम्ही तिघंही फळीवर वाकलो होतो. फळी किंचित सैलावली आणि हव्या त्या गोलाईत थांबली. मिस्त्रीजींनी ती जागेवर धरून पाहिली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बैठ गई, साब." मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल ते केलं. आमच्या घरमालकांसारखे खाली उकिडवे बसले आणि एक डोळा मिटला.

क्वार्टर बांधायला तीन दिवस होते, आणि ते बांधताना काकू प्रथमच खुर्ची घेऊन दिवाणखान्यात बसल्या. घरमालकांनी पुठ्ठ्याचं घर उभं केलं, दार उजवीकडे कापलं. काकू म्हणाल्या दार डावीकडे होतं. ते म्हणाले, मला आठवतंय, मी राहिलोय तिथं.

"तुम्ही तिथं झोपायला येत होते," काकू म्हणाल्या. "राहत मी होते."

दार डावीकडे गेलं. मग खिडकीला जाळी आली. पायऱ्या तीनच्या दोन झाल्या. तुळस तेलाच्या डब्यात होती, कुंडीत नव्हती, म्हणून मसुराच्या डाळीएवढी कुंडी काढून तिच्या जागी तेवढाच डबा आला. मागं दोरीवर एक निळी साडी वाळत घातली गेली. दोरीला झोळ होता. घरमालकांचा हात तिकडे जाताना मी पाहिला, आणि काकूंनी नुसतं पाहिल्यावर तो मागं येतानाही पाहिला.

दसऱ्याच्या दुपारी घर भरून गेलं. मंडळाची झाडून सगळी माणसं आली. रेल्वेतली, पोस्टातली, विम्यातली. मराठी अडखळत बोलणारी त्यांची मुलं रेल्वेभोवती दाटली. मिस्त्रीजी धुतलेला कुर्ता घालून बायकोला घेऊन आले होते आणि प्रत्येकाला कडेवरून हात फिरवायला लावत होते. त्या गर्दीत घरमालकांचे जुने वरिष्ठ साहेबही होते. ऐंशीचे, काठी टेकत आलेले, ज्यांच्या तपासणीच्या आठवणीनं आमचे घरमालक अजून दचकत. साहेब रेल्वेभोवती चालू लागले. तळवा कडेवर ठेवून, टेकाडावर वर, नाल्यात खाली. घरमालक मागोमाग, हात बांधून. उजव्या टोकाला साहेबांचा हात त्या गोलाईवर आला आणि थांबला.

"हे ड्रॉइंगमध्ये नसणार," साहेब म्हणाले.

"नव्हतं, साहेब. साइटवर वाढवलं."

"मंजुरी कुणाची?"

घरमालकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. तिथं काकू उभ्या होत्या. साहेबांनी काठी बगलेत धरली आणि काकूंना वाकून नमस्कार केला. सगळं घर हसलं, आणि हसता हसता काही जणांनी टाळ्याही वाजवल्या.

मग काकूंनी गाडी सोडली. अकरा वर्षांत त्यांनी ते बटण प्रथमच हातात घेतलं होतं. विटकरी डबे बोगद्यातून निघाले, स्टेशनात आले, थांबले. स्वयंपाकघराच्या दारासमोर, वळणाच्या आत, दोन पायऱ्यांचं ते घर आणि त्याच्या पायरीवर शेंगदाण्याएवढी एक बाई. ती कुणी आणि केव्हा ठेवली हे काकूंनाही माहीत नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं, आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. काकूंनी बटण त्यांच्या हाती दिलं. अंगावर तीच नारायणपेठी होती, रफू केलेली. पदर खोचलेला होता, तो त्यांनी सोडला आणि त्या रेल्वेच्या कडेकडेनं एक पूर्ण चक्कर चालून आल्या. पदर कडेला घासत गेला, एकदाही अडकला नाही. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला होता.

पुढं दोन वर्षांनी माझी बदली झाली आणि आम्ही नाशिकला आलो. सणावाराला फोन होत असे. एका हिवाळ्यात घरमालकांचा फोन आला, की ते दोघं टॅक्सी करून सीकरकडे जाऊन आले. स्टेशनची नवी इमारत झाली आहे, जुनी क्वार्टरं सगळी पाडून टाकली आहेत. जागा ओळखायलाही वेळ लागला. तिथं आता बाभळी आहेत आणि खडीचे ढीग. काकू त्या ढिगांशेजारी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, चला. मी विचारलं, काकू कशा आहेत. त्यांनी फोन काकूंकडे दिला.

त्यांनी आधी माझ्या बायकोची चौकशी केली, थंडीची केली. मग मीच म्हटलं की काका सांगत होते, क्वार्टर राहिलं नाही.

"नाही राहिलं," काकू म्हणाल्या. त्यांच्या मागून दिवाणखान्यात गाडी फिरत असल्याचा बारीक आवाज येत होता. "बरं झालं, आपण वेळेवर करून घेतलं."